द्यावी लागू नयेत

"पुलावर एक पहारेकरी उभा आहे," दादा म्हणाला.

"त्याच्याकडे जळती तलवार आहे," जावईबापू म्हणाले.

दादानं हातातले फासे टेबलावर आपटले. "कोणी दिली?"

"मी. मागच्या रविवारी."

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना पुढचं भांडण वेड्यांचं वाटेल. खुशाल वाटू दे. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड, एवढ्यावर हा खेळ चालतो. एक जण सूत्रधार असतो. तो एक काल्पनिक राज्य सांगत जातो आणि बाकीचे त्यात शिरून पराक्रम करतात. नियम एकच, पण कडक: तोंडातून गेलं ते राज्यात झालं. हे राज्य दादाचं. दादा कुलपं दुरुस्त करतो आणि सहजासहजी उघडणारी कुठलीही गोष्ट त्याला आवडत नाही. त्याच्या अख्ख्या राज्यात जादूची तलवार एकच होती. धाकट्या बहिणीनं दोन वर्षं रविवारमागून रविवार खेळून ती मिळवली होती. त्यापायी तिचे दोन घोडे मेले आणि एक कान गेला. खेळातला असला तरी गेला तो गेलाच.

मागच्या रविवारी दादाला कुणाची तरी तिजोरी उघडायला जावं लागलं. धाकटी नर्स, तिची दवाखान्यात ड्युटी होती. म्हणून दादानं राज्याची वही तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे जावईबापूंच्या हातात दिली. जावईबापू लोकांना गाडी चालवायला शिकवतात; खेळात ते लाकूडतोडे असतात. त्यांनी शेजारच्या दोघांना घेऊन दुपारभर खेळ चालवला, आणि अगदी मन लावून चालवला.

"वाचता येतं ना तुम्हाला?" दादानं वही त्यांच्या नाकासमोर धरली. "काय लिहिलंय?"

"'जादूची शस्त्रं सर्वांना द्यावी.' तुमचंच अक्षर आहे."

"पान उलटा!"

पान उलटेना. दादाच्या बोटांचं ग्रीस लागून दोन पानं चिकटली होती. नखानं सोडवल्यावर पुढचे शब्द दिसले: 'लागू नयेत, याची काळजी घ्यावी.'

जावईबापूंनी ते दोनदा वाचलं. "मग सरळ 'देऊ नका' लिहायचं की! एवढं वळण कशाला?"

"किती जणांना दिलीत?"

"सर्वांना."

"सर्वांना म्हणजे?"

"सर्वांना म्हणजे सर्वांना. न्हाव्याला आपोआप चालणारा वस्तरा. मेंढपाळाला वीज पाडणारी काठी."

"मेंढ्या?"

"होत्या."

"आणि शाळेतले मास्तर?"

"त्यांना छडी. ती लागली की पोराचा बेडूक होतो. पण फक्त गणितात नापास झालं तरच हं!"

दादाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली धाकटी शांतपणे म्हणाली, "मी खाणावळीत शिरते आणि माझी तलवार उपसते."

पूर्वी तिनं तलवार उपसली, तिचं निळं पातं चमकलं, की खाणावळीतले घास हातातच राहायचे. दादाला खोटं सांगता येईना. तो वहीत बघत पुटपुटला, "खाणावळवाली म्हणते, 'दाराशी ठेवा, बाई. बाकीच्या तिथेच आहेत.'"

"किती आहेत?"

"एकोणीस."

धाकटीचे डोळे भरून आले आणि लगेच ती भडकली. "दोन वर्षं, दादा! रविवार मोकळा मिळावा म्हणून मी रात्रपाळ्या घेतल्या. आणि या माणसानं एका दुपारी पत्रकं वाटावीत तशी शस्त्रं वाटून टाकली!"

"अगं, लोक खूश होते," जावईबापू म्हणाले. "एकाचीही तक्रार नाही."

"कशी असेल? फुकट ते पौष्टिक! माझ्या तलवारीला आता कुत्रं तरी विचारेल का?"

"कुत्र्यालाही दिलंय. पट्टा आहे त्याचा..."

"बास!" दादा ओरडला आणि पेन्सिल मोडली. "आजपासून या राज्यातली जादू बंद! सगळी!"

शेवटचा शब्द तोंडातून गेला.

"सगळी?" धाकटीनं विचारलं. "माझीपण?"

"तुझी सोडून म्हणायचं होतं मला..."

"तोंडातून गेलं," जावईबापू हळूच म्हणाले, "ते राज्यात झालं."

खाली मुंडी घालून दादानं पुढचं सांगितलं. सगळी पाती विझली होती. जादूच्या शस्त्राला धार कोण लावतो? एकालाही धार नव्हती, आणि जुनं लोखंड लोकांनी आठवड्यापूर्वीच भंगारात घातलं होतं. लोहार तर दुकान बंद करून निघून गेला होता. धाकटीच्या तलवारीनं आता लोणीही कापलं जाईना.

"माझी कुऱ्हाड चालेल," जावईबापू म्हणाले. "साधी आहे. लाकडं फोडायची."

"तुम्ही स्वतःला काही घेतलं नाहीत?" दादा चकित झाला.

"मीच वाटणारा. स्वतःला कसं देणार? बरं दिसत नाही."

दादानं फासे टाकले. खाणावळीतले घास हातातच राहिले. एक म्हातारा उठून जवळ आला. "खरी लोखंडाची?" त्यानं विचारलं. पाठोपाठ सगळे कुऱ्हाडीभोवती जमले. राज्यात तसलं हत्यार एकच उरलं होतं.

जावईबापूंनी क्षणभरही विचार केला नाही. चूक त्यांना कळली होती, बायकोचा चेहराही दिसत होता. "घे गं, तुला दिली. आता तरी हस."

"खबरदार!" धाकटी कडाडली. "फुकट देऊन तीही बिघडवू नकोस. मी ती मिळवणार. दादा, दोन वर्षं लाव. मी मागितली तरी देऊ नकोस. रडले तरी देऊ नकोस."

दादानं नवी पेन्सिल घेतली. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला होता. "घोडा मरेल हं," तो म्हणाला.

"मरू दे."

"अहो, पण ती माझी कुऱ्हाड आहे!" जावईबापू आता खरोखर चिडले. "दोन वर्षं मी लाकडं काय दातांनी फोडू?"