लॉरीचा उजवा दंड

अब्बासने सगळ्या जुन्या नाशकाला सांगून ठेवलं होतं, की त्याची लॉरी हाक मारायच्या आत सुरू होते. पेट्रोलच्या मोटारींना हँडल मारून मारून माणसांचे खांदे निखळतात, त्याची लॉरी डिझेलची, तिला नुसतं बटण दाबायचं. साल एकोणीसशे अडतीस. डिझेल हे नावच गावात नवं, त्यामुळे अब्बास सांगेल ते खरं. आणि सांगण्यात अब्बासने कधी हात आखडता घेतला नाही.

एकाच माणसावर या सांगण्याचा काही परिणाम होत नसे, आणि तो नेमका त्याचा सासरा होता. बद्रुद्दीनचाचांचे टांगे स्टेशनच्या फेऱ्या करीत आणि टांग्यांच्या अड्ड्यावर त्यांचाच शब्द चाले. अब्बासही आधी त्यांचाच टांगा हाकायचा. तो सोडून जावयाने लॉरी आणली, हा घाव चाचांना लागला होता. घोड्याला जीव असतो, लॉरी म्हणजे मेलेलं लोखंड, आणि ज्याला जीव नाही ते ऐन वेळी दगा देतं, हे ते दिवसातून दहा वेळा ऐकवीत.

अशात चाचांच्या मुलाचं, इनायतचं, लग्न मनमाडला ठरलं. शुक्रवारच्या नमाजनंतर निकाह. चाचा म्हणाले, टांग्याने नाशिकरोड आणि पुढे आगगाडी. अब्बास म्हणाला, वरात माझ्या लॉरीतून; आपल्या दारात चढायचं ते नवरीच्या दारात उतरायचं. वाद वाढला. शेवटी चाचांनी शर्त घातली: आगगाडी गाठायची वेळ होईपर्यंत लॉरी हलली नाही, तर वरात टांग्यांतून जाईल, लॉरी विकली जाईल आणि शनिवारपासून अब्बास पुन्हा टांगा हाकेल. अब्बासने चारचौघांत हो म्हटलं. त्याची बायको हमीदा कपाळाला हात लावून आत गेली.

शुक्रवारी सकाळी सासूबाई नूरबानो सगळ्यांच्या आधी उठल्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडाला इमाम जामिन बांधायचा, ही त्यांच्या घरची रीत. हिरव्या फडक्यात एक नाणं गुंडाळून बांधायचं, मुक्कामी सुखरूप पोचलं की सोडायचं आणि नाणं गरिबाला द्यायचं. नवरदेवाला बांधून झाला. मग त्यांच्या मनात आलं, एवढ्या माणसांचा भार उचलणार ती लॉरी, तिला नको का? जीव जावयासाठीच तुटत होता बिचारीचा. त्या लॉरीत चढल्या आणि तिचा उजवा दंड शोधू लागल्या. स्टिअरिंगच्या उजवीकडे एक लहानशी दांडी बाहेर आलेली दिसली. तिला त्यांनी फडक्याचे वेढ्यावर वेढे दिले आणि बाळंतिणीचं डोकं आवळावं तसं आवळून टाकलं.

ती दांडी काय होती ते आताच सांगून टाकतो. डिझेलची लॉरी बंद करताना ती बाहेर ओढायची, की इंजिनाला तेल मिळायचं थांबतं. सुरू करताना ती आत ढकलायची. सासूबाईंनी ती बाहेर असतानाच पक्की केली होती. म्हणजे लॉरीचा गळा आवळून तिला उदंड आयुष्य चिंतलं होतं.

अब्बास अत्तर लावून आला. हिरवं फडकं पाहून त्याला भरून आलं. सवयीने त्याने त्या गाठोड्यावर तळहात दाबला, ते मऊ लागलं, दांडी आत गेली असं समजून त्याने बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. लॉरीत बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. समोरच्या ओट्यावर चाचा खिशातलं घड्याळ हातात घेऊन बसले होते. लॉरीच्या मागे त्यांचे टांगे जुंपून तयार होते, कारण चाचा शर्त घालताना तयारीही करणारे गृहस्थ होते.

गंगापूर रोडवर मोटारी दुरुस्त करणारा चंदर हा अब्बासचा दोस्त. त्याला सायकलवरून आणलं. चंदरने आयुष्यात पेट्रोलचीच इंजिनं उघडली होती. त्याने बॉनेट उचललं, आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं ते पांढरं पडलेलं.

"अब्बासशेठ, प्लगच नाहीत. एकूण एक गेलेत."

डिझेलला प्लग नसतातच, हे अब्बास सांगायला गेला. चंदर म्हणाला, मग ठिणगी कुठून पडते, तुझ्या बोलण्यातून? बघे हसले. प्लग चोरीला गेल्याची बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत येताना चोर टांगेवाल्यांपैकीच आहे असं ठरवून आली. टांगेवाले चाबूक घेऊन खाली उतरले. त्यांना आवरण्यात आणि चंदरला लॉरीखाली लपवण्यात बराच वेळ गेला. मग अब्बासने बटण इतक्या वेळा दाबलं, की बॅटरी पार उतरली.

टांगे निघायला अजून थोडा वेळ होता, तरी चाचांनी घड्याळ मिटलं. "चला, बसा टांग्यांत. आणि जमाई, एक लक्षात ठेवा. घोडा अडला तर शहाणा माणूस त्याचं पोट फाडत नाही. कुणी लगाम ओढून धरलाय का, ते आधी बघतो."

अब्बास लॉरीच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. लगाम म्हटल्यावर तो ताडकन उठला. आत धावला, गाठोडं चाचपलं आणि त्याला कळलं. आनंदाने त्याने गाठीला हात घातला, तोच सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"मुक्कामी पोचल्याशिवाय इमाम जामिन सुटत नसतो."

"अम्मी, तो सुटला नाही तर पोचणारच नाही."

"ते मला सांगू नको. वरातीच्या तोंडावर अपशकुन चालायचा नाही."

चाचांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोच्या म्हणण्याला दुजोरा दिला. रीत म्हणजे रीत, ते म्हणाले. अब्बासचे डोळे भरून आले. मागे उभा टांगा त्याला लॉरीची जुनी सवत भेटल्यासारखा दिसू लागला.

हमीदा पदर सावरीत ओट्यापाशी आली.

"अब्बा, तुम्ही टांग्याला कधी इमाम जामिन बांधलात?"

"लाकडाला कोण बांधतं? जीव असेल त्याला बांधतात."

"मग लॉरीला जीव आहे?"

हो म्हणावं, तर जन्मभराचं म्हणणं सगळ्या अड्ड्यासमोर गिळायचं. नाही म्हणावं, तर गाठ सुटणार. चाचांनी मिशीला एकदा इकडून पीळ दिला, एकदा तिकडून. माणूस हट्टी, पण तत्त्वाचा पक्का.

"नाही," ते म्हणाले. "मेलेलं लोखंड आहे ते."

"ऐकलंत अम्मी? बिनजिवाला बांधलेला लागू होत नाही."

सासूबाईंना हे तेवढ्यापुरतं पटलं. स्वतःच्या हाताने गाठ सोडून त्यांनी ते फडकं अब्बासच्या दंडाला बांधलं. दांडी आत गेली. बॅटरी नव्हती, पण गल्लीला गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतार होता. सगळी वरात ढकलायला लागली, आणि घोडे सोडून टांगेवालेही लागले, कारण चोरीचा आळ धुऊन काढायचा होता. लॉरी गडगडत निघाली, अब्बासने गिअर टाकला, एक हिसका बसला आणि नळीतून असा धूर आला, की चाचांची पांढरी शेरवानी राखी झाली. इंजिन गर्जलं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. बायका दुवा देत पुन्हा वर चढल्या. चाचांना मुकाट पुढच्या बाकावर बसावं लागलं.

निफाडला लोक कामं सोडून रस्त्यावर आले. अब्बास प्रत्येक गावात भोंगा वाजवत होता, गाव नसेल तिथेही वाजवत होता. नमाजच्या आधी वरात मनमाडला नवरीच्या दारात उतरली. नवरीचा बाप रेल्वेतला फिटर, त्याने लॉरीला फेरी मारून अब्बासला मिठी मारली. इतका मान अब्बासला स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

फक्त त्याने इंजिन बंद केलं नाही. बॅटरीवर त्याचा भरवसा उरला नव्हता, मनमाडला उतार नव्हता, आणि दांडी बाहेर येण्याची वाट बघत सासूबाई परतीचं फडकं घेऊन बसल्या होत्या. त्या गोंगाटात काझीसाहेबांचं काही ऐकू येईना. इनायतने 'कबूल' इतक्या जोरात म्हटलं, की सासरा दचकला. जेवणं झाली, पान झालं, लॉरी आपली चालूच. नवरीला निरोप द्यायची वेळ आली तेव्हा लॉरी दोनदा शिंकली आणि थांबली. टाकी कोरडी पडली होती. ते तेल मिळायचं एका पिठाच्या गिरणीत, आणि गिरणी शुक्रवारची बंद.

वरात नवरीसह आगगाडीने परतली. नाशिकरोडला चाचांचे टांगे उभे होते. ते तिथे कसे, हे कुणी विचारलं नाही आणि चाचांनीही सांगितलं नाही. चाचांनी नवरा-नवरीला पहिल्या टांग्यात बसवलं आणि सगळ्यांदेखत अब्बासच्या पाठीवर हात ठेवला.

"शर्त जाण्याची होती, येण्याची नव्हती. तुम्ही जिंकलात. लॉरी तुमची, उद्या जाऊन घेऊन या."

अब्बासची छाती फुगली. टांगेवाल्यांनीही वाहवा केली.

"आता हे धरा," चाचा म्हणाले. "माझे हात दुखतायत."

आणि लगाम त्याच्या हातात देऊन ते मागे बसले.