एकशे अठ्ठ्याण्णव रतल

चांगुणाबायच्या आवाजाची ख्याती राई गावात कोणाला सांगावी लागत नसे, कारण ती स्वतःच सांगायची. "मी हितं हाक मारली तर नवघरची म्हैस मान वर करते," असं ती म्हणायची आणि एखाद्याने शंका काढलीच, तर त्याच्या कानाशी प्रात्यक्षिक करून दाखवायची. त्यामुळे बेचाळीस साली जपानी विमानांच्या भीतीने गावात बचाव पथक काढायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव आपलंच लागणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. नवं लुगडं नेसून ती नाव नोंदवायला शाळेत गेली.

शाळेत ह्युबर्ट मास्तर बसले होते. मास्तर मूळचे उत्तनचे. पथकाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती आणि तिचं ओझं त्यांना झेपेल की नाही असं बघणाऱ्याला वाटावं, इतके ते बारीक होते. त्यांनी चांगुणाबायकडे आधी समोरून पाहिलं, मग थोडं डावीकडून पाहिलं. सगळी एका नजरेत मावत नव्हती म्हणून नव्हे, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत होता.

"चांगुणाबाय, हे चपळ माणसांचं काम आहे," मास्तर म्हणाले. "धावायचं, उचलायचं. शरीराला शिस्त लागते. खाण्यावर ताबा लागतो."

"मास्तर, मी दोन भाकऱ्या खाते. रोज ओहोटीला खाडीत उतरते ती चार तास चिंबोऱ्या धरते, आनि मग टोपली डोक्यावर घेऊन भाईंदरच्या बाजारात चालत जाते."

"मग हे अंग कसं?"

"आईचं हाय. तिलाच इचारायला पायजे व्हतं, पन आता ती न्हाय."

मास्तर हसले. विश्वास न बसलेली शिकलेली माणसं हसतात तसं. असं हसणं चांगुणाबायने जन्मभर पाहिलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढणारा तिच्या पानाशी आला की बुंदीचा झारा मागे घ्यायचा. बैलगाडीत चढताना गाडीवान बैलांकडे बघून सुस्कारा टाकायचा. ती उलटून बोलायची, लोकांना हसवायची आणि घरी येऊन तासभर कोणाशी बोलायची नाही. पथकाची पट्टी दंडाला बांधली की निदान एका ठिकाणी तरी आपल्याकडे कामाचं माणूस म्हणून बघतील, एवढ्यासाठी ती आली होती.

"एक काम आहे," मास्तर दयाळूपणे म्हणाले. "रविवारी कवायत आहे. त्यात एक जखमी लागतो. नुसतं झोपायचं. ते तुम्हाला जमेल."

चांगुणाबायने गिळायचं ते गिळलं. एकदा आत पाय टाकू, मग बघू, असा तिने हिशेब केला आणि हो म्हटलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून लोक खाडीच्या बांधावर जमले. दोन बांबूंना गोणपाट शिवून डोली केली होती. ती उचलायला मास्तरांनी दोन सडपातळ तरुण निवडले होते, स्टेशनाजवळ राहणारा रेमंड आणि मिठागराच्या कचेरीत कारकुनी करणारा नवघरचा नाथा. चांगुणाबाय डोलीवर आडवी झाली. दोघांनी 'एक, दोन' म्हटलं. 'तीन' म्हणायला कोणाकडे श्वास उरला नाही, पण डोली उचलली गेली.

धक्क्यावरून जखमीला शाळेत पोचवायचं होतं. वाट बांधावरून वळसा घालून जात होती. मास्तरांच्या हातात घड्याळ होतं आणि पाच मिनिटांत काम झालं असं वरच्या साहेबाला कळवायची त्यांना फार हौस होती. ओहोटी संपत आलेली, भरतीला पाण्याखाली जाणारा मधला खाजणाचा पट्टा उन्हात चकाकत होता. उत्तनच्या घट्ट वाळूवर वाढलेल्या माणसाला तो अगदी मैदानासारखा दिसला.

"सरळ चला," मास्तरांनी हुकूम सोडला.

"मास्तर, तितून नको," डोलीवरून आवाज आला. "चिखल हाय. लई मऊ हाय."

"चांगुणाबाय, जखमी बोलत नाहीत."

चांगुणाबायने तोंड मिटलं. आज्ञा मोडली म्हणून पथकात घेतलं नाही, असं नंतर कोणी म्हणायला नको.

वीस पावलं नीट गेली. एकविसाव्याला नाथा गुडघ्यापर्यंत आत गेला. रेमंड त्याला काय झालं म्हणून बघायला थांबला आणि थांबल्यामुळे तोही गेला. मास्तर त्यांना ओढायला धावले आणि धावल्यामुळे थेट मांडीपर्यंत गेले.

"मावशीच्या वजनानं झालं," रेमंड रडवेला होऊन म्हणाला.

"मी सांगितलं होतं," नाथा म्हणाला, पण त्याने कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. बांधावर लोकांना हसू आवरेना. अजून दोन माणसं लावा, कोणी म्हणालं. बैल आणा, आणखी कोणी म्हणालं.

तेव्हा चांगुणाबाय डोलीवरून बाजूला लोळली. लोकांचं हसणं थांबलं. आता ही पुरती गडप होणार, असं सगळ्यांना वाटलं. ती उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि गुडघे वाकवून, टाचा न टेकता, कुठेही न थांबता चिखलावरून गोल फिरून आली. पाऊल घोट्याच्या वर कुठे बुडालं नाही. इकडे डोली रिकामी झाली तरी रेमंड आणि नाथा वर यायचं नाव घेईनात, उलट धडपडून आणखी चार बोटं खाली गेले.

"काय रे," चांगुणाबाय म्हणाली, "आता कोनाचं वजन हाय?"

खाडीच्या तोंडाकडून पाण्याची बारीक रेघ पुढे सरकत होती. भरती लागली होती. चांगुणाबायने ती पाहिली आणि मान मागे टाकून बांधाच्या दिशेने हाक मारली, "दोर टाका रं!" नवघरच्या म्हशीचं ठाऊक नाही, पण बांधावरचे लोक दचकून दोर आणायला पळाले.

तिने डोली चिखलावर पालथी अंथरली, तिच्यावर पोटावर पडली आणि नाथाला म्हणाली, "हलू नको. पाठ टेकव, खाटेवर टेकवतो तशी. आता टाच हलव, हळू." नाथाचा पाय सुटला. मग रेमंडचा सुटला. दोघे दोर धरून, पोटावर सरपटत बांधाला लागले. मास्तर शेवटचे राहिले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं.

"चांगुणाबाय, मला वाटतं आपण आधी उजवा पाय..."

"मास्तर, जखमी बोलत न्हायत."

मास्तर गप्प बसले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. बूट मात्र खाडीने ठेवून घेतले. बांधावर पोचताच लोकांनी चांगुणाबायचा असा जयजयकार केला की तिला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज कमी पडतोय असं वाटलं. ज्याने बैल आणायला सांगितलं होतं, त्यानेच तिला लोटाभर पाणी आणून दिलं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला स्वतः बोलावलं. "चुकलो," ते उभं राहून म्हणाले. "पथकाच्या नायक तुम्ही." मग साहेबाकडे पाठवायचा फॉर्म त्यांनी पुढे ओढला. त्यात वजनाचा रकाना होता, रतलांत म्हणजे पौंडांत. पथकातल्या सगळ्यांची वजनं मिठाच्या गोण्या तोलतात त्या काट्यावर झाली होती; चांगुणाबायचं तेवढं त्या सकाळी झालं.

"दीडशे लिहू?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"किती भरलं?"

"एकशे अठ्ठ्याण्णव रतल."

"मग आख्खं लिवा. एक रतल कमी केलात तर बघा."

मास्तरांनी लिहिलं. चांगुणाबायला अक्षरं येत नव्हती, पण बाजारामुळे आकडे येत होते. शेजारी मास्तरांनी नमुना म्हणून तिला दाखवलेला त्यांचा स्वतःचा फॉर्म पडला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "ह्ये एकशे दहा कोनाचं? तुमी काट्यावर उभं व्हता तवा मी तितंच मीठ घेत व्हते. शहाण्णव भरलं व्हतं."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "वरून हुकूम आलाय," ते पुटपुटले. "एकशे दहाच्या आतला माणूस अशक्त धरतात. पथकात घेत नाहीत. पण मी अशक्त नाही, चांगुणाबाय. चांगला जेवतो. आमच्या घरात सगळे असेच आहेत."

चांगुणाबायला हसायची अशी संधी जन्मात पुन्हा मिळाली नसती. ती हसली नाही. तिने आपला फॉर्म मास्तरांपुढे परत सरकवला.

"खाडाखोड करा," ती म्हणाली. "माज्यातलं चौदा कमी लिवा. सायबाला बेरीज तरी खरी जाऊ दे."