कळंबे मुक्कामी पांढऱ्या पातेल्यास स्वायत्तता मिळाली त्याची बखर

करवीरनिवासिनीचे कृपेने शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मासी, मंगळवार पेठ येथील रविवार रस्सा मंडळाचे समस्त सभासद एकत्र होऊन मज दप्तरदारास आज्ञा जाहली की, पांढऱ्या पातेल्याच्या अख्त्यारावरून पेठकर आणि कळंबेकर यांजमध्ये जो बखेडा माजला, विलायतेचा दस्तूर करवीरात कसा उतरला, आणि शेवटास कोणाची फत्ते जाहली, ते जैसे घडले तैसे, तिखटमीठ न लावता लिहून ठेवावे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु बखेडाच तिखटाचा, मग ते न लावता लिहावे कैसे, हे आज्ञा करणारांनी सांगितले नाही. आम्हास पंगतीत सदा धुराच्या बाजूस बसवितात, त्याच चालीचा हाही हुकूम. असो.

तरी मंडळाची वहिवाट ऐसी. एकतीस वर्षे दर रविवारी चुली पेटतात आणि दोन पातेली चढतात, एक तांबड्या रश्श्याचे, दुसरे पांढऱ्याचे, आणि दोहोंत तिखट किती पडावे हा अख्त्यार एकट्या अध्यक्षांचा. अध्यक्ष राजमान्य राजेश्री बाळासो, तिखटाधिपती, चटणीबहाद्दर, हे वडिलांच्या पश्चात गादीवर आले आणि त्यांनी मुठीचा आकार वाढविला. तांबड्यात पडे ते पडेच. परंतु पांढऱ्यातही हिरव्या मिरचीचे वाटण ऐसे पडे की पांढरा म्हणावा तो केवळ रंगाने. मग नाके गळत, आणि डोळे वाहत, आणि मंडळी एकमेकांस सांगत की आज काय झणझणीत झालाय, आणि जो पाणी मागेल त्यास पुढील सहा रविवार 'पावणं' म्हणून हाक मारीत. सभासदास पावणा म्हणणे, याहून मोठी शिक्षा मंडळाच्या दप्तरी नाही.

आता लालासाब यांची हकीकत. हे मंडळाच्या स्थापनेपासूनचे, बाळासोंचे लहानपणचे सोबती, फौंड्रीतून निवृत्त, आणि पांढरा रस्सा करावा तर यांनीच. नारळाचे दूध फुटू न देता तो रटरटविणे ही विद्या पेठेत दुसऱ्यास नाही. पेठेतील घर लहान पडले म्हणोन ते शहराबाहेर कळंब्यास राहावयास गेले, आणि मागोमाग दहा सभासद तिकडेच प्लॉट घेऊन गेले, आणि चुलीही लालासाबांच्या परसात पेटू लागल्या. मग गेल्या साली लालासाबांच्या पोटास अल्सर निघाला आणि डॉक्टरांनी तिखट कायमचे बंद केले. तेव्हापासून चौदा महिने या पुरुषाने पांढरा स्वहस्ते शिजवावा, अखेरीस बाळासोंनी येऊन त्यात वाटण टाकावे, आणि लालासाबांनी पंगतीच्या टोकास बसून कोरडी भाकरी मिठाशी खावी. ते पाहून आमचे काळीज तुटत असे. परंतु तोंडात घास असल्याने बोलता येत नसे.

लालासाबांनी अर्जी केली की, तांबडा सरकारांचा सरकारांस लखलाभ असो, पांढऱ्यातले तिखट ठरविणे तेवढे कळंब्याकडे द्यावे. त्यावर बाळासोंचा हुकूम सुटला की मंडळ एक, मूठ एक, अख्त्यार वाटला की मंडळ फुटले. आणि बाळासोंचे पुतणे विश्वजित, तालमीतले गडी, तिखटाचे कट्टर कैवारी, यांनी पुस्ती जोडली, "आज पांढरा मागत्यात, उद्या तांबड्यात साखर घालतील!" या वाक्याने पेठेत मोठी घबराट पसरली.

मग लालासाबांच्या कन्या सदफबी मसलतीस आल्या. या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवितात, आणि लंडनच्या पार्लमेंटाने स्कॉटलंड आणि वेल्स या मुलखांस अख्त्यार कैसे वाटून दिले, यावर त्यांनी सहाशे पानांचा प्रबंध लिहिला आहे. तो घरात कोणी वाचला नव्हता, परंतु वजनदार आहे हे सर्वांस ठाऊक, कारण घर बदलताना तो लालासाबांच्या पायावर पडला होता. बाळासो म्हणाले की मंडळाची घटना लिहिलेलीच नाही, मग ती बदलावी कशी? सदफबींनी अर्ज केला की विलायतेचीही एका जागी लिहिलेली नाही, सारा कारभार वहिवाटीवर. तरी तिकडच्याच दस्तुराने सभा भरवून निवाडा करावा. बाळासोंनी विचारले की तिकडे सर्वांच्या माथ्यावर कोण? सदफबी म्हणाल्या, राजा. बाळासोंनी मिशीवर हात फिरविला आणि दस्तूर जागच्या जागी मंजूर केला. राजास तेथे काम काय असते, हे त्यांनी विचारले नाही. येथेच घात जाहला.

दस्तूर ठरला तो ऐसा. सभेपुढे मंडळाची पितळी पळी ठेवावी, पळी नसेल तर सभा नाही. राजाचा जासूद आला की त्याच्या तोंडावर दार आपटावे, आणि त्याने तीन वेळा ठोठावावे, मग उघडावे. राजाने सभेत येऊन भाषण वाचावे, ते दुसऱ्यांनी लिहिलेले असावे, आणि वाचताना चेहरा कोरा ठेवावा. आणि भाषणापुरता राजा सभेत असेतो सभेतला एक गडी राजाच्या घरी ओलीस ठेवावा, म्हणजे राजास दगाफटका होणार नाही. ओलीस म्हणोन कळंबेकरांनी आपल्यातील गुंडू यास दिले, कारण तो कोठेही बसून खातो.

पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता बाळासो बुलेटवरून कळंब्याकडे कूच करते जाहले, मागे दोन रिक्षा, आणि गुंडू पेठेत तिसऱ्या मजल्यावर बाळासोंच्या फ्लॅटात कैद जाहला. कळंब्यास लालासाबांच्या पत्र्याच्या शेडात सभा भरली. विश्वजित जासूद होऊन आले, त्यांच्या तोंडावर दार आपटले, आणि त्यांना दस्तूर नीट समजला नसल्याने त्यांनी दार खांद्याने पाडले. मग पाडलेले दार चौघांनी उभे धरिले, विश्वजितांनी तीन वेळा ठोठाविले, आणि कारभार शिस्तीने पुढे चालला.

बाळासो खुर्चीवर विराजमान होऊन सदफबींच्या हातचे भाषण वाचू लागले. चष्मा घरी राहिला होता, म्हणोन आधी वाचून पाहिले नव्हते. लालासाबांचा चष्मा मागून घेतला. मंडळाची थोर परंपरा, तालमींचा पराक्रम, ऐसे वाचता वाचता ते कोऱ्या चेहऱ्याने वाचून गेले की, "माझे सरकार पांढऱ्या पातेल्याचा अख्त्यार कळंब्याकडे सोपविण्याचा ठराव येत्या सभेत मांडील." बाळासोंनी चष्मा काढून कागद उलटा करून पाहिला, मग म्हणाले, "हे मी बोललो न्हाय. हे कागद बोलला."

"तिकडंबी राजा असंच म्हणतो, काका," सदफबी म्हणाल्या. "पर वाचलं की झालं."

आता इकडे पेठेत काय वर्तले ते ऐकावे. बाळासोंच्या पत्नी आक्का यांनी ओलिसास ताट वाढले. गुंडूने घाम पुसावयास रुमाल मांडीवर घेऊन पहिला घास घेतला, आणि थांबला. मुगाचे वरण, दुधी भोपळा, ताक, आणि मटणाचे आळणी सूप. मिरचीचा वासही नाही. "आक्का, चटणी?" त्याने विचारले. आक्कांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली घेऊन बोलल्या, "ह्या घरात चार वर्सं चटणी न्हाय बाबा. ह्यास्नी सोसत न्हाय. रविवारी मर्दुमकी गाजवून येत्यात, आन् मंगळवारपतूर कळवळत्यात. कुणाला बोलू नगंस, शपथ हाय." मग गुंडू दोन वाट्या सूप अधिक प्याला, आणि संध्याकाळी सुटका होऊन थेट कळंब्यास गेला आणि शपथ मोडली.

आम्ही या प्रसंगी तेथे नव्हतो, तरी सर्व जाणतो, बखरकारास ती मुभा आहे. गुंडू आनंदाने नाचत होता. "चाचा, जिंकलो की! भर सभेत सांगतो. तिखटाधिपती दुधी भोपळा खातोय!" लालासाबांना आपले चौदा महिने आणि बाळासोंची चार वर्षे एकदम दिसली असावीत, आणि एकाच दुखण्याने दोघे दोन टोकांस बसले होते हेही. मग म्हणाले, "गुंडू, त्याच्या पोटातलं तू तुझ्या पोटात ठेव. बाळू पेठंत मान वर करून फिरतोय, ती मान खाली गेली तर मला पांढरा गिळायचा न्हाय." आमच्या मते शिवछत्रपतींच्या मुलखात याहून मोठा मनसुबा त्या आठवड्यात कोणी केला नाही.

दुसऱ्या रविवारी वाद जाहला. विश्वजितांनी उभे राहून सवाल टाकला की, उद्यापासून कळंबेकर तांबड्यावर मत देणार, आणि आम्ही पेठकरांनी पांढऱ्यावर चकार शब्द काढायचा न्हाय, ह्यो कुठला न्याय? सवाल बिनतोड होता. सर्वांनी सदफबींकडे पाहिले. त्या म्हणाल्या की हाच सवाल विलायतेत स्कॉटलंडवरून पन्नास वर्षांमागे निघाला. एकदा तोड काढली, सहा वर्षे चालविली, मग गुंडाळून ठेविली. सवाल जागच्या जागी आहे. हे ऐकून विश्वजितांस फार समाधान वाटले. आपला सवाल लंडनासही सुटला नाही, हे ते अजून तालमीत सांगतात.

मग मतविभागणी जाहली. ठरावाचे बाजूने असतील त्यांनी विहिरीकडून जावे, विरुद्ध असतील त्यांनी म्हशीच्या गोठ्याकडून. कळंबेकर अकरा विहिरीकडून गेले, पेठकर अकरा गोठ्याकडून, त्यात आम्हीही, आणि शेणात पाय आमचाच पडला. मते समसमान. निर्णायक मत अध्यक्षांचे. आणि सदफबींस खरे सांगणे भाग पडले की, विलायतेच्या वहिवाटीप्रमाणे समसमान मतांवर सभापतीने चालू आहे तेच कायम ठेवावे. म्हणजे ठराव बुडाला. लालासाबांनी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडावयास घेतली.

मात्र ती अर्धी सोडून ते उभे राहिले आणि बोलले, "बाळासो, मत द्यायच्या आधी एक दुरुस्ती. लंडनचं सरकार स्कॉटलंडवर एक मंत्री नेमतंय म्हणं. तसा मध्यवर्तीचा एक निरीक्षक आमच्या पातेल्यावर पायजे. त्यानं दर रविवारी पांढरा तपासायचा. नुसता चाखून भागायचं न्हाय. पोटभर. कळंबेकर आळणी करून मंडळाची अब्रू घालवत्यात का, ते कुणीतर बघाय पायजे की न्हाय? आन् हे काम अध्यक्षाशिवाय दुसऱ्याला झेपायचं न्हाय."

बाळासोंनी लालासाबांकडे पाहिले. लालासाबांनी पातेल्याकडे पाहिले. गुंडूने आपले तोंड दोन्ही हातांनी दाबून धरिले होते, आणि ते बाळासोंच्या नजरेस पडले, आणि बाळासोंस सर्व उमगले. त्यांचा चेहरा आधी तांबडा जाहला, मग पांढरा. शेवटी खाकरून फर्मान सोडले, "जबाबदारीचं काम हाय. टाळून चालणार न्हाय." आणि उठून, वहिवाट मोडून, विहिरीकडून चालते जाहले. विश्वजित ओरडले की ही घटनेची पायमल्ली. सदफबींनी सांगितले की लिहिलेलीच नाही, तिची पायमल्ली कशी करणार.

मग तहनामा जाहला. कलम पहिले, पांढऱ्याचे तिखट कळंब्याकडे. कलम दुसरे, तांबडा पूर्ववत, आणि सर्वोच्च सत्ता मंडळाची. कलम तिसरे, मध्यवर्ती सरकार कळंब्याच्या पातेल्यात साधारणतः हात घालणार नाही. 'साधारणतः' म्हणजे काय, हे लालासाबांनी विचारले. सदफबी म्हणाल्या की तिकडेही हाच शब्द कायद्यात आहे, आणि प्रकरण वरिष्ठ कोर्टात गेले तेव्हा कोर्टाने सांगितले की ही राजकीय वहिवाट, ती पाळावयास लावणे आमचे काम नाही. लालासाबांनी तहावर सही केली, मग पातेल्यावर झाकण ठेविले, आणि झाकणावर तो सहाशे पानांचा प्रबंध ठेविला. विश्वजित हिरवे वाटण घेऊन दोनदा चुलीजवळ येऊन गेले. प्रबंध हलला नाही.

पाने मांडिली. निरीक्षक बाळासो यांनी तपासणीकामी तीन वाट्या घेतल्या आणि शेरा मारला की अजून तपासणे अगत्याचे आहे. तेव्हा पेठकरांपैकी एक हळूच म्हणाला की एकट्या माणसावर एवढा भार बरा नव्हे, समिती असावी. मग दुसरा, मग तिसरा. अर्ध्या तासात पेठेचे दहा सभासद समितीवर दाखल जाहले, आणि विश्वजित एकटे तांबड्याशी झुंजत राहिले, आणि त्यांस पाणी कोणी देईना. त्यांतले दहावे नाव दप्तरदाराचे आहे. आमच्या पोटाची हकीकत या बखरीचा विषय नाही.

बाळासोंनी टोकाकडे पाहून दटावले, "लाल्या, तिकडं काय पावण्यागत बसलाईस? हिकडं ये." लालासाब उठून शेजारी येऊन बसले. बाळासोंनी स्वहस्ते पळी बुडवून त्यांच्या वाटीत पांढरा घातला, आणि चौदा महिन्यांनी लालासाबांनी आपला रस्सा भाकरीशी कुस्करून खाल्ला. येणेप्रमाणे कळंब्याची फत्ते जाहली, ती पळीच्या साक्षीने दप्तरी दाखल केली. त्या समयी समस्त मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले, ते तांबड्याच्या वाफेने, ऐसे अध्यक्षांच्या हुकुमावरून लिहिले आहे. वारा त्या दिवशी उलट्या बाजूचा होता, आणि वाफ सारी म्हशीकडे जात होती, एवढे मात्र आम्ही आमच्या पदरचे लिहितो.