ढब्बूच्या आजारांचे डबे

"कुत्र्याच्या दवाखान्याचा खर्च ना? माझ्यावर सोड!" असं म्हणून आत्यानं चार रिकामे डबे टेबलावर आणून आपटले.

आत्याची उभी हयात विमा कचेरीत गेली होती. कोणाला कधी काय होईल आणि त्याला किती पैसे लागतील, याचा अंदाज बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या धाकट्या भावाची अट सरळ होती. ढब्बूच्या आयुष्यभराच्या औषधपाण्याची सोय महिनाअखेर दाखवा, नाहीतर आणला तिथे परत पोचवा! भावाची मुलगी चिमणी तर इतकी धास्तावली होती, की कुत्र्याचा पट्टा मुठीत धरूनच झोपायची.

नुसतं सांगून शिकवणं आत्याला पटत नसे. तिनं डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, स्वतःच्या निवृत्तिवेतनातले पैसे त्यात टाकले आणि ते कशासाठी, हे चिमणीला करून दाखवलं. 'पाय' म्हणताना ती खोलीभर लंगडली. 'दात' म्हणताना गाल धरून अशी विव्हळली, की शेजारीण खिडकीतून डोकावली! 'डोळे' म्हणताना डोळे मिटून चालली आणि दारावर आदळली. चौथ्या डब्यावर मात्र तिनं काहीच लिहिलं नाही. ती फरशीवर आडवी झाली आणि हललीच नाही.

ढब्बू कोपऱ्यातून टक लावून पाहत होता. प्रत्येक डब्यानंतर चिमणी त्याच्या गळ्यात पडे. "तुला असं नाही हं होऊ देणार!" आणि वर एक बिस्किट.

आठवड्याभरात ढब्बू लंगडू लागला. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबले, फोटो काढले. "पाय ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. 'पाय' डबा रिकामा झाला. मग ढब्बू जबडा फरशीला घासत विव्हळू लागला. दातही ठणठणीत! 'दात' रिकामा. पुढे तो भर दुपारी दारावर आदळला आणि 'डोळे'ही गेला.

"आत्या," चिमणी कुजबुजली, "तो डब्यांच्या क्रमानंच आजारी पडतोय."

"काहीतरीच काय!" आत्या म्हणाली.  पण चौथा डबा तिनं उचलून कपाटामागे कोंबला. तेव्हापासून ढब्बू त्या कपाटाकडे तोंड करून बसू लागला. भुंकणं नाही, शेपटी हलवणं नाही. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी भाऊ कामावरून आला, तेव्हा ढब्बू कपाटासमोर आडवा पडला होता. डोळे मिटलेले, जीभ बाहेर.

"ढब्बू!" आत्यानं हाक मारली. कान हलला नाही.

"ताई, काय झालं याला?" भावाचा आवाज फाटला.

आत्या ढब्बूशेजारी फरशीवर बसली. मीच त्याचं मरण डब्यात घालून ठेवलं, हे सांगायचं तरी कसं? चिमणीनं रडत रडत शेवटचं बिस्किट ढब्बूच्या पंजापाशी ठेवलं.

कुर्रम!

डोळे मिटलेलेच, पण बिस्किट गायब! मग एक डोळा किलकिला झाला. आणखी आहे का, ते पाहायला.

सगळी हकिकत ऐकून भाऊ खुर्चीत कोसळला. "म्हणजे तू सोंगं करून दाखवलीस, हिनं बिस्किटं दिली आणि यानं ती पाठ केली! आयुष्यभराचे पैसे महिन्यात फस्त!"

"मग... ढब्बू जाणार?" चिमणीनं विचारलं.

भावानं ढब्बूकडे पाहिलं. मघाशी आपला आवाज कसा फाटला होता, हे त्यालाही आठवलं असावं. "राहू दे. याचा खर्च काहीच नाही गं. खर्चिक आहे ती तुझी आत्या!"

दुसऱ्या दिवशी चिमणी शाळेत गेल्यावर आत्या पुन्हा डबे घेऊन बसली. या वेळी सोंग नाही, तोंडातून शब्द नाही. ढब्बूकडे पाठ करून तिनं नवी चिठ्ठी लिहिली आणि डब्यावर चिकटवली. 'कान'.

मागून आवाज आला. खर्र... खर्र... ढब्बू कान खाजवत होता. घरात बिस्किटाचा चुरासुद्धा नव्हता!

आत्यानं चिठ्ठी ओढून काढली. खाजवणं थांबलं.

तिनं निमूटपणे चारही डब्यांत साखर भरली. पैसे आता तिच्या पर्समध्येच असतात, आणि ते कशासाठी आहेत, याचा ती मनातसुद्धा विचार करत नाही.