प्राणजीवनभाईंना नोटीस येत नाही

जामनगरात पितळेचे नळ आणि स्क्रू बनवणारे शेकड्यांनी आहेत, पण कायदा कोळून प्यालेले आपण एकटेच, असं प्राणजीवनभाई कंसारांचं ठाम मत होतं. कारखानदार मंडळाच्या बैठकीत गाठिया-मिरची खाता खाता त्यांनी ते सिद्धही करून दाखवलं.

"समजा, दहा लाखांचं मशीन घेतलं. वर एक लाख ऐंशी हजार कर. त्या कराचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तेवढे पैसे सुटले. आणि मशीन झिजतं म्हणून नफ्यातून घसारा वजा करायचा, तो कर धरून, पुऱ्या अकरा लाख ऐंशी हजारांवर. एकच कर, फायदा दोनदा."

"चालतं असं?" शेजारच्या कारखान्याच्या हरसुखभाईंनी विचारलं.

"माझं तीन वर्षं झकास चाललंय."

बैठकीला आलेल्या अकरा जणांनी तसंच केलं.

दीड वर्षानं अकराही जणांना नोटिसा आल्या. कराच्या रकमेवर घसारा घेतलात, तर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. दोन्ही घेतलंत, सबब क्रेडिट व्याजासकट परत भरा.

प्राणजीवनभाईंचं धाबं दणाणलं. ते दिवसातून सहा वेळा मोबाईल उघडून मेल बघू लागले. आठवडा गेला, पंधरवडा गेला, नोटीस काही येईना. तेव्हा कुठे ते जरा हसले, आणि तिथेच फसले.

"गुरू सुटला आणि चेले अडकले, हे कसं?" हरसुखभाई चारचौघांत म्हणाले. "चुगली केल्याशिवाय?"

झालं! वीस वर्षं सकाळचा चहा दोघं एकत्र घेत. हरसुखभाई आता त्यांना बघून शटर अर्धं ओढून घेऊ लागले. एका लग्नात तर प्राणजीवनभाई पंगतीत बसले आणि दोन्ही बाजूंची पानं रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते तडक रसीलाबेनसमोर जाऊन बसले. रसीलाबेन एकोणीस वर्षं त्यांचे हिशेब लिहीत होत्या.

"बेन, आपल्याला नोटीस का नाही आली? काहीतरी करा. मला नोटीस पाहिजे."

"कशाबद्दल?"

"क्रेडिट आणि घसारा दोन्ही घेतल्याबद्दल."

"घेतलंय कुणी?"

"म्हणजे? मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतंत. मी बरं म्हटलं होतं."

"मग?"

"भाई, तुम्ही वर्षाला चार युक्त्या सांगता. मी चारही वेळा बरं म्हणते, आणि मग जे बरोबर असेल ते लिहिते."

आता प्राणजीवनभाईंपुढे पेच होता. गावात चुगलखोर ठरायचं, की आपल्याच कचेरीत आपलं कुणी ऐकत नाही हे कबूल करायचं? शेवटी त्यांनी घसाऱ्याची फाईल काखोटीला मारली आणि हरसुखभाईंचं अर्धं शटर वाकून पार केलं.

हरसुखभाईंनी पानं उलटली. "म्हणजे आम्हाला शिकवलंत ते तुम्ही स्वतः केलंच नाही?"

"मी केलं होतं," प्राणजीवनभाई खालच्या आवाजात म्हणाले. "बेननी होऊ दिलं नाही."

हरसुखभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फाईलकडे, आणि मग ते इतके हसले की लेथवरचे कारागीर मशीन थांबवून बघायला आले.

सकाळी अकराही जण प्राणजीवनभाईंच्या दारात हजर. माफी मागायला आलेत, असं समजून त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि बारा चहा सांगितले.

"चहा राहू द्या," हरसुखभाई म्हणाले. "रसीलाबेन आहेत का? आमच्याही वह्या बघतील का, ते विचारायचं होतं."

प्राणजीवनभाई आत गेले. "बेन, मंडळी आलीत. काय सांगू?"

रसीलाबेननी वहीतून मान वर केली नाही. "एकेकानं आत या म्हणावं. आणि तुम्ही मध्ये बोलू नका."

प्राणजीवनभाईंनी बाहेर येऊन पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.