अक्कासाहेबांच्या मोटारीच्या तापाची हकीकत

ज्या साली धाकट्या नातीचे पुढचे दोन्ही दात एकाच दिवशी पडले, त्या सालचे हे वर्तमान. घडले तैसेच लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही. वाचणाराने शंका धरू नये.

अक्कासाहेब, घरात सर्वांत वडील, महिनाभर दवाखान्यात मुक्काम करून होत्या. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्यावयास रुकार दिला. मग अक्कासाहेबांचा हुकूम सुटला की रुग्णवाहिकेत पाय ठेवणार नाही, माझ्या मोटारीत पुढे बसून घरी येईन. आणि लवकर या, माझा भरवसा नाही. ही मोटार खासा अक्कासाहेबांनी तीस वर्षे हाकलेली. हल्ली धाकटे बंधू दादासाहेब यांचे तैनातीस होती.

दादासाहेब तात्काळ कूच करते जाहले. दोन कोस गेले नाहीत तोच इंजिनाचा ताप दाखविणाऱ्या काट्याने लाल मुलूख काबीज केला आणि बोनेटातून वाफेचे लोट उठले आणि फौज, म्हणजे दादासाहेब व वहिनीसाहेब, रस्त्याचे कडेस छत्री उघडून बसली.

मग मोटार दोरखंडाने ओढून वाफ्या म्हणोन नामांकित मिस्त्रीचे दरबारी नेली. त्याने निवाडा केला की हेड गॅस्केट जळाले. ते खरेच जळाले होते. नवे घातले, तिसरे दिवशी तेही जळाले. मग त्याहून थोर मिस्त्री, ज्याचे हातास कधी ग्रीस लागत नसे, त्याजकडे गेले. त्याने इंजिनास कान लावला, डोळे मिटले आणि फर्माविले, "काका, हे संपलंय. इंजिनच बदला. महिना लागेल."

महिना अक्कासाहेबांपाशी नव्हता. वहिनीसाहेबांनी मसलत दिली, "फोन तुम्हीच करा. मी नाही शिव्या खाणार."

अक्कासाहेबांनी सर्व ऐकोन घेतले आणि एकच सवाल केला.

"थंडी सरून तीन महिने झाले. पुठ्ठा काढलास का रे?"

याची पूर्वपीठिका अशी. अक्कासाहेबांचा जुना दंडक होता की थंडीत इंजिन गारठते, सबब इंजिन गार राखणाऱ्या रेडिएटरापुढे, वारा अडावा म्हणोन, पुठ्ठा लावावा. दादासाहेबांनी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापून, विद्रूप दिसू नये म्हणोन काळा रंग देऊन, जाळीमागे ऐसा चपखल बसविला होता की दोन्ही मिस्त्री त्यास मोटारीचाच अवयव समजले.

"तू घाल म्हणालीस," दादासाहेब बोलिले. "काढ कधी म्हणालीस?"

"गाढवा, आता म्हणते. काढ!"

मग वहिनीसाहेबांनी जाळीमागे हात घालोन शत्रू बाहेर खेचला. त्याचे पाठीवर पंख्याचे चित्र होते आणि खाली अक्षरे, 'घरभर गारवा'. ते पाहोन थोर मिस्त्री दुसऱ्या मोटारीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याचे हातास ग्रीस लागले ते तेव्हाच. वाफ्याने मात्र हे वर्तमान ऐकोन कान धरले आणि दोन दिवसांत तिसरे गॅस्केट बसवून दिले.

मग अक्कासाहेब मोटारीत पुढे बसल्या. वाटेत त्यांनी ना झाड पाहिले ना माणूस, केवळ काटा पाहिला. आणि काटा फाटकापर्यंत मध्यावरून तसूभर हलला नाही. उतरताना म्हणाल्या, "थंडीत परत घाल. काढायची आठवण करायला मी नसेन, तेवढं ध्यानात ठेव."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.

अक्का त्यानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, घरीच वारल्या.