परका माणूस पाहिजे

करुणाला एक परका माणूस पाहिजे होता, आणि गावात तो मिळत नव्हता.

औरंगाबादला ती मानसशास्त्रात एम.ए. करत होती. आई खोलीबाहेर गेली आणि परकं माणूस समोर आलं, तर लेकरू काय करतं, हा प्रयोग तिला करायचा होता. तो नाही केला तर वर्ष वाया. म्हणून दीड वर्षानं ती सिद्धेश्वर धरणाजवळच्या आपल्या गावी आली होती. भावाची लेक गौतमी नुकतीच चालायला लागली होती, प्रयोगाला हव्या त्याच वयाची. आत्याला पाहिलं की पोर आईच्या पदरात तोंड खुपसायची. "लाजरा स्वभाव," करुणानं ठरवून टाकलं.

आधी तिनं धरणावरून मासे विकायला येणाऱ्या सोनाजीला बसवलं. वहिनी बाहेर गेली. गौतमी थेट सोनाजीच्या टोपलीत.

"ह्यो कशाचा परका?" करुणाची आई मालनबाई म्हणाली. "रोज येतो त्यो."

करुणानं दीर्घ श्वास घेतला. राग आवरायचा हा उपाय तिला पाठ होता. मग तिनं सडकेवर जाऊन गोरेगावला माणसं नेणारी जीपच अडवली आणि ड्रायव्हरला नाव विचारून घरी आणलं.

"किसनसिंगभाऊ, तुम्ही आत येऊन फक्त बसायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही."

"बसतो की ताई. पन माझ्याकडून काई गलती झाली का?"

तो चेहरा पाडून बसला. तेवढ्यात मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आलीच.

"आई, पाणी नको! तो परका आहे!"

"म्हून तं पानी देऊन राहिले! कोन गावचे, भाऊ?"

"सेनगावचा. बहीण औंढ्याला दिली."

"अगं बाई! माझी मावशी औंढ्याचीच. म्हंजी तुमी पोरीचे मामाच की!"

चहा आला. जीपमधली माणसं वाट बघून कंटाळली आणि आत आली. त्यांच्यासाठी दुसरं आधण चढलं. गौतमी नव्या मामाच्या खांद्यावर बसून तोंडानं हॉर्न वाजवत होती. वहिनी चहा गाळत म्हणाली, "ताई, मी अजून बाहेरच थांबू का आता आत येऊ?"

श्वास संपले. "सगळे बाहेर!" करुणा ओरडली.

किसनसिंग गेला, माणसं गेली, आई गेली, वहिनी गेली. दार लागलं. खोलीत करुणा आणि गौतमी, दोघीच उरल्या.

गौतमीनं दाराकडं पाहिलं. करुणाकडं पाहिलं. आणि धरणाचे दरवाजे एकदम उघडावेत तशी ती फुटली. वहिनी धावत आली, तेव्हा कुठं तिच्या गळ्याला मिठी मारून पोर निवली.

प्रयोग झाला होता. पुस्तकात लिहिलाय, अगदी तस्सा.

मालनबाई चहाची भांडी गोळा करता करता गुणगुणली:

"लेक गेली शिकायाला, दिस मोजू किती बाई,
आली घरी तवा तिला, घर वळखत न्हाई."

करुणानं दीर्घ श्वास घेतला. दुसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी काही केल्या ऐकेना.

"काहून रडून राहिली?" आई म्हणाली. "भेटला ना तुला परका मानूस?"

"भेटला. आता त्याला हाकलल्याशिवाय मी जात नाही."

उद्याची एस.टी. तिनं सोडली, परवाचीही सोडली. पोरीला उचलून घेण्याची घाई केली नाही. नुसती उंबऱ्याशी बसून राहायची आणि तोंडानं जीपचा हॉर्न वाजवायची. गौतमी आधी पदराआडून बघायची, मग पदराबाहेरून.

एका सकाळी पोर दुडूदुडू आली, अर्धी चावलेली भाकर आत्याच्या तोंडात कोंबली आणि मांडीवर बसली.

त्याच आठवड्यात, तिनं पाठवलेली टिपणं वाचून, सरांचा निरोप आला: निरीक्षण उत्तम, पण एकदा आणखी करून आणा.

"मंग कर की," मालनबाई म्हणाली.

करुणानं भाकर चावत मान हलवली. "न्हाई जमायचं आई. आता घरात परकं कोनी राह्यलंच न्हाई."